ईआर, पीआर, हर-२ आणि सीए १५-३: सुरुवातीच्या स्तनकर्करोगात कोणता रिपोर्ट कसा वाचायचा

बायोप्सीत कॅन्सर निघाला की काही दिवसांत मागोमाग दुसरा कागद येतो. त्यावर ईआर, पीआर, हर-२ आणि केआय-६७ अशा चार ओळी असतात. त्याच सुमारास कुणीतरी 'रक्तातला मार्करही करून घ्या' म्हणून सुचवतं आणि सीए १५-३ नावाचा एक आकडा फाइलीत येऊन बसतो. घरच्यांना दोन्ही कागद सारख्याच वजनाचे वाटतात, पण पहिल्या कागदावर पुढच्या पाच-दहा वर्षांचे उपचार ठरतात आणि दुसऱ्यावर, आजार स्तन आणि काखेपुरताच असताना, बहुधा काहीच ठरत नाही. म्हणून विचारपूस, पाठपुरावा आणि गरज पडली तर वाद हे सगळं पहिल्या कागदासाठी राखून ठेवा. पुढची सगळी माहिती गाठ स्तनात आणि फार तर काखेत आहे, शरीरात इतरत्र गेलेली नाही, अशा अवस्थेसाठी आहे.

तपासतात ते काय

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर आणि पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. ही पेशीच्या केंद्रकातली प्रथिनं आहेत. इस्ट्रोजेन रिसेप्टरला चिकटलं की पेशीला विभाजनाचा हुकूम मिळतो. कॅन्सरची पेशी या हुकमावर वाढत असेल तर हुकूम तोडणं हाच उपचार. रिसेप्टर हा शब्दही नव्हता तेव्हा, १८९६मध्ये, जॉर्ज बीटसन या स्कॉटिश सर्जननं अंडाशय काढल्यावर स्तनाच्या गाठी आक्रसतात हे नोंदवलं होतं. हर-२ हे वेगळं प्रथिन आहे. ते पेशीच्या आवरणावर असतं आणि त्याचं जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे. काही गाठींत या जनुकाच्या प्रती भरमसाट वाढतात आणि गाठ वेगानं वाढते.

ही तपासणी रक्तात होत नाही, गाठीच्या तुकड्यावर होते. तुकडा मेणात बसवून त्या ब्लॉकमधून चार मायक्रॉनच्या आसपास जाडीचे काप काढतात, प्रत्येकावर एकेक अँटिबॉडी घालतात आणि प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. यालाच आयएचसी म्हणतात. ईआर-पीआरचा रंग केंद्रकात बघायचा, हर-२चा पेशीच्या कडेला. शेवटी पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी बघून अंदाज करतो. म्हणजे तुकडा कसा घेतला, कसा ठेवला, रंग कसा चढला आणि कुणी बघितलं, या चारही ठिकाणी चूक शिरू शकते.

बायोप्सीच्या दिवशीच सांभाळायच्या गोष्टी

रिसेप्टरसाठी कोअर बायोप्सी हवी. साधारण १४ गेजच्या सुईनं चार-पाच तुकडे घेतात. बारीक सुईच्या एफएनएसीत सुट्या पेशी मिळतात, पण कॅन्सर दुधाच्या नलिकेच्या आतच आहे की भिंत फोडून बाहेर आला आहे ते त्यातून कळत नाही. हर-२साठी तर तो फरक कळल्याशिवाय रिपोर्टच देता येत नाही.

'गाठ आधी काढून टाकू, मग बघू' हा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण तो महागात पडू शकतो. गाठ हर-२ पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह) असेल आणि दोन सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा काखेत पोचली असेल, तर हल्ली आधी औषधं आणि मग शस्त्रक्रिया असा क्रम असतो. औषधांनी गाठ पूर्ण विरघळली की काही अंश उरला, यावर पुढचं औषध ठरतं. हर-२ पॉझिटिव्ह गाठीचा अंश उरलेल्यांना नेहमीच्या ट्रास्टुझुमॅब या हर-२ अडवणाऱ्या औषधाऐवजी ट्रास्टुझुमॅब एमटान्सिनचे १४ डोस दिले, तर आजार उलटण्याचं प्रमाण निम्म्यावर येतं, हे कॅथरीन या चाचणीनं २०१८मध्ये दाखवलं. गाठ आधीच काढून टाकलेली असेल तर औषध तिच्यावर चाललं की नाही हे कळायला वाव राहत नाही. म्हणून चारही निकाल हातात आल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख पक्की करू नका. आठवडाभराच्या थांबण्यानं आजार पुढे जात नाही.

औषधं आधी द्यायची ठरली तर पहिल्या केमोच्या आधी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवली आहे ना, ते विचारा. गाठ पूर्ण विरघळली तर सर्जनला जागा सापडायला तीच खूण असते.

आता डबीकडे येऊ. तुकडा शरीराबाहेर आल्यापासून एका तासाच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये पडला पाहिजे आणि त्यात कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे. फॉर्मलिनही तुकड्याच्या दसपट तरी हवं. काढल्याची वेळ आणि फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ, दोन्ही फॉर्मवर लिहायच्या असतात, आणि नेमक्या त्याच चौकटी रिकाम्या राहतात. मोठी चूक होते ती पूर्ण स्तन काढल्यावर. फॉर्मलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत मुरतं. आख्खा स्तन न चिरता बादलीत टाकला आणि मध्ये सुट्टीचे दोन दिवस गेले, तर कडेचा भाग नीट टिकतो आणि मधली गाठ आतून कुजायला लागते. रिसेप्टर अशा वेळी नाहीसे होतात आणि पॉझिटिव्ह गाठीचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. म्हणून गाठीपर्यंत काप देऊन मगच तो फॉर्मलिनमध्ये बुडवायला हवा. तुकडा सलाइनच्या किंवा साध्या पाण्याच्या डबीत नेऊन देण्याची पद्धत कुठे दिसली तर तिथेच हरकत घ्या.

ईआर-पीआरची ओळ

चांगल्या रिपोर्टात नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं नसतं. किती टक्के पेशींना रंग चढला आणि तो किती गडद, हे दोन्ही हवं. १ टक्क्याहून कमी म्हणजे निगेटिव्ह. १ ते १० टक्के म्हणजे 'लो पॉझिटिव्ह'. त्यावर सरळ पॉझिटिव्ह. १ टक्क्याची रेघ अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी २०१०मध्ये आखली. त्याआधी बऱ्याच ठिकाणी १० टक्के धरत, त्यामुळे जुन्या फाइलीतलं 'निगेटिव्ह' आजच्या भाषेत लो पॉझिटिव्ह असू शकतं. लो पॉझिटिव्ह हा वेगळा गट २०२०च्या सुधारणेत आला. या गटातल्या कितीतरी गाठी स्वभावानं ट्रिपल निगेटिव्हच्या जवळ असतात. हार्मोन अडवणारी गोळी देता येते, पण नुसत्या गोळीवर विसंबायचं का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा.

टक्क्यांऐवजी ऑलरेड स्कोअर दिला असेल तर तो असा मोडून बघा. रंग चढलेल्या पेशींचं प्रमाण १ टक्क्याखाली असेल तर १ गुण, १ ते १० टक्के २, दहाव्या हिश्श्यापासून तिसऱ्या हिश्श्यापर्यंत ३, तिथून दोन तृतीयांशांपर्यंत ४, त्यावर ५. रंगाच्या गडदपणाला फिका १, मध्यम २, गडद ३. दोन्हींची बेरीज म्हणजे ऑलरेड. ८० टक्के पेशींना मध्यम रंग असेल तर ५ अधिक २, म्हणजे ७. बेरीज ० येते किंवा २ ते ८ येते. १ कधीच येत नाही, तसा आकडा दिसला तर टायपिंगची चूक समजा. ३ आणि वर म्हणजे पॉझिटिव्ह. इथे एक गंमत आहे. अर्ध्या टक्का पेशींना मध्यम रंग असेल तर बेरीज ३ भरते, म्हणजे ऑलरेडनं पॉझिटिव्ह आणि टक्क्यांनी निगेटिव्ह. असा सीमेवरचा निकाल असेल तर टक्के लेखी मागून घ्या आणि तपासणी दुसऱ्या ब्लॉकवर पुन्हा करा.

काही लॅब एच स्कोअर देतात, तो ० ते ३०० असतो. त्यात गडद पेशींच्या टक्क्यांना ३नं, मध्यमच्या टक्क्यांना २नं, फिक्यांच्या टक्क्यांना १नं गुणून बेरीज करतात. ६० टक्के पेशी गडद, २० मध्यम, १० फिक्या असतील तर १८० अधिक ४० अधिक १०, म्हणजे २३०.

पीआरचं काम थोडं वेगळं आहे. पीआर तयार होतो तो ईआरच्या हुकमावरूनच, म्हणून तो भरपूर असेल तर ईआर नुसता हजर नाही, कामही करतो आहे असं कळतं. ईआर पॉझिटिव्ह आणि पीआर निगेटिव्ह असला तरी हार्मोनचे उपचार लागू पडतात, पण अशी गाठ साधारणपणे थोडी अधिक आक्रमक असते. सेंट गॅलनच्या तज्ज्ञ परिषदेनं २०१३मध्ये त्यासाठी पीआर २० टक्के ही रेघ सुचवली होती. उलटा प्रकार, म्हणजे ईआर निगेटिव्ह आणि पीआर पॉझिटिव्ह, फार क्वचित खरा असतो. तसा रिपोर्ट आला तर उपचार ठरवण्याआधी तपासणी पुन्हा करून घ्या. बहुतेक वेळा ईआरचा रंगच नीट चढलेला नसतो.

ईआर शून्य आला असेल तर रिपोर्टात 'इंटर्नल कंट्रोल' हा शब्द शोधा. गाठीशेजारच्या निरोगी नलिकांमधल्या काही पेशींना ईआरचा रंग चढतोच. त्या रंगल्या आणि गाठ कोरी राहिली तर निगेटिव्हवर विश्वास ठेवता येतो. दोन्ही कोऱ्या असतील तर दोष गाठीचा नाही, तपासणीचा आहे. तुकड्यात निरोगी नलिकाच नसतील तर शस्त्रक्रियेत निघालेल्या भागावर ईआर पुन्हा करावा.

हर-२: २+ म्हणजे 'थोडंसं पॉझिटिव्ह' नव्हे

हर-२चा निकाल ०, १+, २+ किंवा ३+ असा येतो. ३+ म्हणजे १० टक्क्यांहून जास्त पेशींच्या पूर्ण कडेला गडद रंग, हा पॉझिटिव्ह. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ म्हणजे आयएचसीवरून सांगता येत नाही, जनुकाच्या प्रती मोजा. ती मोजणी बहुधा फिश या तपासणीनं होते. सर्वांत जास्त घोळ होतो तो इथेच. २+ आला, कुणी पॉझिटिव्ह समजलं, कुणी निगेटिव्ह, आणि फिश राहूनच गेली. २+ वर उपचाराचा कुठलाही निर्णय घेऊ देऊ नका.

फिशच्या कागदावर दोन आकडे बघायचे: हर-२ आणि १७व्या गुणसूत्राच्या खुणेचं गुणोत्तर, आणि दर पेशीतल्या हर-२च्या सरासरी प्रती. गुणोत्तर २ किंवा जास्त आणि प्रती ४ किंवा जास्त असतील तर पॉझिटिव्ह. गुणोत्तर २ हून कमी आणि प्रती ४ हून कमी, तर निगेटिव्ह. एक आकडा इकडे, एक तिकडे अशी खिचडी कधीकधी होते. तेव्हा पॅथॉलॉजिस्टला आयएचसीची स्लाइड शेजारी ठेवून, पेशी पुन्हा मोजून निकाल द्यावा लागतो. रिपोर्टात नुसतं 'अँप्लिफाइड' लिहिलं असेल तर दोन्ही आकडे मागून घ्या.

मोजणी फक्त नलिकेबाहेर पसरलेल्या भागाचीच व्हायला हवी. नलिकेच्या आतला कॅन्सर, म्हणजे डीसीआयएस, पुष्कळदा हर-२नं ठळक रंगतो आणि शेजारचा पसरलेला भाग कोरा असतो. घाईत बघणारा ३+ लिहून मोकळा होतो. निव्वळ डीसीआयएस असेल तर हर-२ करायची गरजच नसते, ईआर पुरतो.

'हर-२ लो' हा शब्द अलीकडे ऐकू येतो. १+ किंवा फिश निगेटिव्ह असलेला २+ यांना तसं म्हणतात. २०२२पासून शरीरात पसरलेल्या आजारात त्याला अर्थ आला, कारण त्यावर चालणारं औषध मिळालं. सुरुवातीच्या अवस्थेत त्यामुळे उपचार बदलत नाहीत.

हर-२ पॉझिटिव्ह असेल तर केमोसोबत ट्रास्टुझुमॅब सुरू होतं आणि एकूण एक वर्ष चालतं. त्याआधी हृदयाची टूडी इको हवी आणि मग दर तीन महिन्यांनी. गाठ लहान आणि काख स्वच्छ असेल तर दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेलचे १२ डोस आणि ट्रास्टुझुमॅब एवढ्यावर भागतं का, हे जरूर विचारा.

केआय-६७

वाढीच्या वेगाचा हा आकडा दिसायला अचूक, प्रत्यक्षात सैल. एकच स्लाइड दोन पॅथॉलॉजिस्टांनी बघितली तर एक १५ म्हणेल, दुसरा २५. सर्वांत दाट रंगलेला भाग मोजला की सगळीकडची सरासरी काढली, यावरही तो हलतो. या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाचं म्हणणं असं की ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह लहान गाठीत ५ किंवा कमी आणि ३० किंवा जास्त, एवढ्याच दोन टोकांवर विसंबावं. मधल्या आकड्यावरून, १८ आहे म्हणून केमो नको आणि २२ आहे म्हणून हवी, असं कुणी सांगत असेल तर ते पटवून घेऊ नका.

मधल्या पट्ट्यात खरा उपयोग होतो तो गाठीच्या जनुकीय चाचणीचा. २१ जनुकांची ऑन्कोटाइप डीएक्स ० ते १०० स्कोअर देते. काख स्वच्छ असलेल्या, ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह स्त्रियांमध्ये ११ ते २५ स्कोअरला केमोनं एकूणात फायदा होत नाही, हे टेलरएक्स चाचणीत २०१८मध्ये दिसलं. पन्नाशीच्या आतल्या, १६ ते २५ स्कोअरच्या स्त्रियांना मात्र थोडा फायदा दिसला. काखेतल्या एक ते तीन लसिकाग्रंथींत आजार असेल आणि स्कोअर २५पर्यंत असेल, तर पाळी गेलेल्यांना केमोचा फायदा नाही, पाळी चालू असलेल्यांना आहे. ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-२ पॉझिटिव्ह गाठीसाठी ही चाचणी करू नका. तिथे केमोचा निर्णय तिच्यावर अवलंबून नसतो.

सगळं जोडून बघताना

समजा कागदावर असं आहे: 'ग्रेड २ (ग्रेड म्हणजे पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात ते), १.८ सेंमी, काखेतल्या ३ लसिकाग्रंथी तपासल्या, ३ही स्वच्छ. ईआर ९५ टक्के गडद, ऑलरेड ८. पीआर ६० टक्के मध्यम, ऑलरेड ६. हर-२ २+. केआय-६७ १८ टक्के.' आधी गुणाकार-बेरीज तपासा. ईआर ५ अधिक ३, बरोबर. पीआर ६० टक्के म्हणजे ४ गुण, अधिक २, म्हणजे ६, तेही बरोबर. अडलंय ते हर-२वर. फिश निगेटिव्ह आली तर ही हार्मोनवर वाढणारी गाठ, मुख्य उपचार गोळी, आणि केमोसाठी जनुकीय चाचणीचा विचार. फिश पॉझिटिव्ह आली तर केमो आणि वर्षभर ट्रास्टुझुमॅब, शिवाय गोळी. एका तपासणीवर वर्षभराचा कार्यक्रम बदलतो. केआय-६७च्या १८ वर चर्चा करत बसण्यात हशील नाही.

स्टेजही आता यात गुंतलेली आहे. २०१८पासून लागू झालेल्या एजेसीसीच्या, म्हणजे स्टेजचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकन समितीच्या, आठव्या आवृत्तीत ग्रेड आणि रिसेप्टर धरून स्टेज ठरते. दोन सेंटिमीटरच्या आतली, काख स्वच्छ असलेली, ग्रेड ३ची ट्रिपल निगेटिव्ह गाठ आकारानं 'आयए' असली तरी या हिशोबात 'आयबी' होते. दोन कागदांवर दोन स्टेज दिसल्या तर दरवेळी कुणी चुकलेलंच असतं असं नाही.

ट्रिपल निगेटिव्ह निघालं तर बीआरसीए या आनुवंशिक जनुकदोषाची तपासणी लगेच पाठवा. तिला वेळ लागतो, आणि तिच्यावर शस्त्रक्रियेची निवड, पुढचं ओलापरिब हे औषध आणि बहिणी-मुलींची तपासणी, सगळं अवलंबून असतं.

गोळीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे चूक झाली तर वर्षानुवर्षं कळत नाही. टॅमॉक्सिफेन रोज २० मिलिग्रॅम, पाळी असो वा नसो, दोन्हीकडे चालतं. लेट्रोझोल २.५, अ‍ॅनास्ट्रोझोल १ आणि एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम ही दुसऱ्या जातीची औषधं फक्त पाळी कायमची गेलेल्यांसाठी, किंवा अंडाशय बंद करणाऱ्या इंजेक्शनासोबत. केमोनं पाळी थांबली म्हणजे ती कायमची गेली असं धरू नका. चाळिशीतल्या स्त्रियांची ती महिन्यांनंतरही परत येते. अशा वेळी नुसतं लेट्रोझोल चालू असेल तर अंडाशय उलट जोमानं कामाला लागतो. वंध्यत्वावर बीज फुटण्यासाठी हेच औषध देतात, यावरून काय ते समजा. शंका असेल तर रक्तातलं एस्ट्राडायोल (मुख्य इस्ट्रोजेन) संवेदनशील पद्धतीनं तपासायला सांगा.

टॅमॉक्सिफेनसोबत पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन घेऊ नये, कारण टॅमॉक्सिफेनला कामाचं रूप देणारं यकृतातलं विकर ही औषधं अडवतात. गरमीच्या झळांसाठी किंवा उदासीसाठी औषध लागलं तर वेन्लाफॅक्सिन चालतं. पाळी गेल्यावर अंगावर लाल जाणं, पोटरी एका बाजूला सुजून दुखणं, अचानक दम लागणं, यांत थांबून बघायचं नाही. टॅमॉक्सिफेन चालू असताना गरोदर राहू नये, आणि त्यासाठी हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या वापरू नयेत. लेट्रोझोलच्या जातीत सांधे धरतात आणि हाडं विरळ होतात. सुरुवातीलाच हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून ठेवा. गोळीचा कंटाळा येऊन ती परस्पर बंद करणं हे उपचार फसण्याचं फार नेहमीचं कारण आहे. त्रास होत असेल तर त्याच जातीतलं दुसरं औषध बदलून मिळतं.

रिपोर्ट पुन्हा तपासून कधी घ्यायचा

गाठीचा प्रकार आणि रिसेप्टर यांचा मेळ बसत नसेल तेव्हा. ग्रेड १ची गाठ, ट्यूब्युलर, म्युसिनस किंवा नेहमीच्या प्रकारची लोब्युलर गाठ सहसा ईआर पॉझिटिव्ह आणि हर-२ निगेटिव्ह असते. उलटं आलं तर शंका घ्या. कोअर आणि शस्त्रक्रियेचा निकाल जुळत नसेल, कोअरमध्ये पसरलेला कॅन्सर अगदी जेमतेम असेल, किंवा एका स्तनात दोन वेगळ्या दिसणाऱ्या गाठी असतील आणि तपासणी एकीचीच झाली असेल, तेव्हाही.

दुसऱ्या लॅबला देताना नुसत्या रंगवलेल्या स्लाइड पुरत नाहीत, मेणाचा ब्लॉक मागा. आधीच कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइड सहा आठवड्यांहून जुन्या असतील तर त्यांवर रंग फिका येतो. ब्लॉकवर खरवडलेला किंवा छापलेला नंबर रिपोर्टातल्या नंबराशी तिथेच, खिडकीवर उभं राहूनच जुळवून घ्या. ब्लॉक उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ होतं.

आता रक्तातले मार्कर

सीए १५-३ म्हणजे एमयूसी-१ नावाच्या प्रथिनाचे रक्तात सुटलेले तुकडे. लहान गाठ ते फारसे सोडत नाही, म्हणून सुरुवातीच्या अवस्थेत बहुतेकींचा आकडा नॉर्मल असतो. नॉर्मल आला म्हणून कॅन्सर नाही, असं होत नाही. आणि थोडा वाढला म्हणून पसरला, असंही नाही: यकृताचे आजार, एंडोमेट्रिओसिस, अंडाशयातल्या साध्या गाठी, गरोदरपण आणि बी१२च्या कमतरतेचा पंडुरोग यांतही तो वाढतो. सीईए हा दुसरा मार्कर धूम्रपान करणाऱ्यांत मुळातच जास्त असतो. सीए १२५ तर स्तनाचा मार्करच नव्हे. पाळीच्या दिवसांतही तो वर जातो. निदान करण्यासाठी, स्टेज ठरवण्यासाठी किंवा उपचार संपल्यावर लक्षणं नसताना दर काही महिन्यांनी करण्यासाठी यांपैकी कशाचीच शिफारस कॅन्सरतज्ज्ञांच्या मुख्य संघटना करत नाहीत. लक्षणं नसताना हाडांचे, छातीचे, यकृताचे फोटो वारंवार काढत राहिल्यानं आयुष्य वाढत नाही, हे इटलीतल्या दोन मोठ्या चाचण्यांनी १९९४मध्येच दाखवलं. वाढलेल्या एका आकड्यामागून पेट स्कॅन येतो, त्यात दिसलेल्या फालतू ठिपक्यामागून बायोप्सी येते.

तरीही तपासणी झालेली आहे आणि आकडा थोडा वर आहे, तर असं करा. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये धावू नका. किट वेगळं असेल तर आकड्यांची तुलनाच होत नाही. तीन-चार आठवडे थांबा आणि त्याच लॅबमध्ये पुन्हा द्या. केस-नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा आणि किती दिवस आधी बंद करायच्या ते विचारा, काही किटमध्ये त्यांनी निकाल बिघडतो. सोबत यकृताची तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि बी१२ करून घ्या. आकडा तिथल्या तिथे राहिला तर सोडून द्या. लागोपाठ चढत गेला, दरवेळी पाव हिश्श्याहून जास्त, तर डॉक्टर स्कॅन सांगतील. निदानाच्या वेळीच आकडा मर्यादेच्या कित्येक पट असेल तर मात्र पुढे जाण्याआधी सीटी आणि हाडांचा स्कॅन, किंवा पेट, करून घ्यावा. आजार खरंच स्तनापुरता आहे का, हे त्या वेळी बघायलाच हवं.

उपचारांनंतर खरी कामाची तपासणी साधी आहे: पहिली तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांनी हातानं तपासणं, पुढची दोन वर्षं सहा ते बारा महिन्यांनी, नंतर वर्षाला, आणि दरवर्षी मॅमोग्राफी. ट्रिपल निगेटिव्ह आजार उलटला तर बहुधा पहिल्या पाच वर्षांत. ईआर पॉझिटिव्ह मात्र वीस वर्षांनीही परतू शकतो. त्यामुळे रात्री झोपमोड करणारं हाडाचं दुखणं, न थांबणारा खोकला किंवा दम, कावीळ, नवी डोकेदुखी, अकारण उतरलेलं वजन हे काही आठवडे टिकलं तर पुढच्या भेटीची तारीख यायची वाट बघू नका.

आणि कुठे नवी गाठ दिसलीच तर तिची बायोप्सी होऊन ईआर, पीआर, हर-२ पुन्हा व्हायला हवेत. पहिल्या गाठीचे रिसेप्टर दुसरीत तसेच असतील याची खात्री नसते. तुकडा हाडातून घेणार असतील तर फॉर्मवर आधीच 'रिसेप्टर करायचे आहेत' असं ठळक लिहून द्या. नेहमीप्रमाणे तो कडक आम्लात मऊ केला तर ईआर आणि हर-२ दोन्ही खोटे निगेटिव्ह येऊ शकतात; त्याऐवजी ईडीटीएमध्ये ठेवतात, त्याला काही दिवस जास्त लागतात.